दहा दिवसांचं ऊन

बस्त्याव मास्तरांशी माझी ओळख झाली ती माझ्या पगडीमुळे. ठाण्याच्या शाळेत मी संस्कृत शिकवायला लागून चारच दिवस झाले होते. शिक्षकांच्या खोलीत एक उंच, काळासावळा, काळा कोट घातलेला गृहस्थ माझ्याभोवती एक प्रदक्षिणा घालून गेला. मी मनात म्हटलं, आता हा शिंगं शोधतोय की काय! एवढ्यात त्यांनी विचारलं, "पंत, तुमचं घर शाळेच्या उत्तरेला आहे ना?"

मी थक्क झालो. घर उत्तरेलाच होतं, पण ते या माणसाला कोणी सांगितलं?

"पगडीनं सांगितलं," ते म्हणाले. "डाव्या बाजूचा रंग उडालाय. सकाळी दक्षिणेकडे चालत येता, ऊन डाव्या अंगाला. संध्याकाळी उत्तरेकडे परत जाता, ऊन पुन्हा डाव्याच अंगाला. उजवी बाजू बिचारी कोरी राहिलीय."

इतकं बोलून त्यांनी खिशातून वही काढली आणि ते लिहूनही ठेवलं. माझ्या डोक्यावर काय आहे याची नोंद घेणारा माझ्या आयुष्यातला हा पहिलाच माणूस. डोक्यात काय आहे याची चौकशी तर आजवर कोणीच केली नव्हती.

मास्तर कोपरीच्या ख्रिस्ती वाडीतले. बापाचं मिठागर होतं, ते आता त्यांची विधवा बहीण रोजाबाय बघायची. मास्तरांनी लग्न केलं नव्हतं. पाद्र्यांच्या शाळेत शिकले, मुंबईला जाऊन रसायन शिकून आले आणि आमच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवू लागले. हे झालं त्यांचं चरित्र. खरे मास्तर कळायचे ते त्यांच्या घराच्या पश्चिमेच्या भिंतीवर. तिथे एक लांब फळी होती आणि तिच्यावर रंगीत चिंध्या ओळीनं ठोकलेल्या होत्या. हळदीची, निळीची, कुसुंब्याची, मंजिष्ठेची. प्रत्येक चिंधीचा अर्धा भाग झाकलेला आणि अर्धा उन्हात. हळद दोन दिवसांत पळ काढायची, मंजिष्ठा महिनाभर हटायची नाही. आलेल्यागेलेल्याला वाटायचं की ख्रिस्ती झाले तरी यांच्याकडे नवस फेडायची चाल दिसते.

"लोक म्हणतात ऊन रंग खातं," मास्तर सांगायचे. "खात वगैरे नाही. ऊन वस्तूची फोड करतं. जुनी घडी मोडतं आणि नवी बसवतं. इथं रंग उडतो, तर दुसरीकडे रंग चढतोसुद्धा."

चढतो कसा, हे ते वर्गात दाखवायचे. बापाच्या मिठागरातलं मीठ पाण्यात विरघळवून त्यात कागद भिजवायचा, वाळवायचा, मग बंद खोलीत त्याला रुप्याच्या क्षाराचं पाणी द्यायचं. तो पांढरा कागद उन्हात नेला की डोळ्यांदेखत जांभळा, मग काळपट तपकिरी होत जायचा. वर पिंपळाचं पान ठेवलं तर पानाखालची जागा पांढरीच राहायची, शिरांसकट. पोरं टाळ्या वाजवत. मीही एकदा वाजवली, आणि मग संस्कृतच्या शिक्षकाला हे शोभतं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

पण मास्तरांचा जीव या सगळ्यात नव्हता. तो होता गुरूच्या ग्रहावर.

कल्याणला रेल्वेतला एक साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या सामानातली एक पितळी दुर्बीण मास्तरांनी मिळवली होती. नळी जेमतेम हातभर लांब. त्या वर्षांत, म्हणजे अठराशे ऐंशीच्या सुमाराला, गुरूच्या अंगावर एक मोठा तांबडा डाग उठून दिसू लागला होता. मास्तर तो कोपरीच्या मिठागराच्या बांधावरून बघायचे. तेही अंधारात नाही, दिवेलागणीच्या आधी, आकाश अजून निळसर असताना. अंधार पडला की गुरू फार झगझगतो, रंग नीट कळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. रोजाबायचं म्हणणं वेगळं होतं. त्यानंतर बघत बसलं तर भाकऱ्या गार होतात.

मला त्यांनी पहिल्यांदा दाखवलं तेव्हा नळीच्या टोकाला एक वाटोळा, पट्ट्यापट्ट्यांचा, हरभऱ्याएवढा गोळा दिसला, आणि त्यावर विटेच्या रंगाचा लांबट ठिपका.

"काय दिसलं?"

"किती सुंदर आहे हो!"

"ते तुम्हाला वाटलं. दिसलं काय ते सांगा. दिसलं ते लिहून ठेवायचं, वाटलं ते नाही."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पुढे इतक्यांदा ऐकलं की माझ्या घरची मुलंसुद्धा आमटीला ते लावायची.

मास्तरांचा सिद्धांत असा, की तो डाग म्हणजे उन्हानं चढवलेला रंग. गुरूच्या ढगांत कसली तरी रंगहीन वाफ असणार, कोणती ते त्यांना ठाऊक नव्हतं आणि तसं ते उघड कबूल करत. त्या वाफेवर सूर्याचा उजेड पडतो, जुनी घडी मोडते, नवी बसते आणि तांबूस काहीतरी तयार होतं. विलायतेत कोणी तरी काचेच्या नळीत स्वच्छ वाफ भरून तिच्यातून नुसता उजेड सोडला होता, आणि आत आपोआप ढग जमला होता. हे त्यांनी त्यांच्याकडे येणाऱ्या इंग्रजी मासिकात वाचलं होतं आणि तेव्हापासून त्यांना चैन नव्हतं.

आमचे हेडमास्तर एकदा म्हणाले, "अहो बस्त्याव, गुरू सूर्यापासून कुठल्या कुठे. तिथं पोचणारं ऊन आपल्या उन्हाचा सत्ताविसावा हिस्सा. त्यात पापडसुद्धा वाळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी एक मिठाचा कागद उन्हात काळा केला आणि घड्याळात वेळ पाहिली. मग दुसरा कागद बंद खोलीत ठेवला, खिडकीला एवढंसं छिद्र ठेवून, उजेड सत्तावीस पट कमी होईल असं मोजून. आणि सत्तावीस पट वेळ थांबले. त्या दिवशी त्यांनी जेवणाची सुट्टीही घेतली नाही. शेवटी दोन्ही कागद हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवले. कुठला कोणता ते हेडमास्तरांना ओळखता येईना.

"उजेड कमी असला म्हणून काम थांबत नाही, साहेब," मास्तर म्हणाले. "वेळ लागतो, इतकंच."

मी मात्र त्यांना छेडायचं सोडलं नाही. "मास्तर, गुरूवर जाऊन कोण बघून आलंय?"

"आमच्या मिठागरात मीठ कोण करतं, पंत? माझा बाप? बाप नुसते बांध घालायचा. करायचं ते ऊन करतं. ते इथं करतं, मग तिथं का नाही?"

डागाचा रंग मोजायचा कसा हा प्रश्न होता. एक म्हणणार विटकरी, दुसरा म्हणणार गुलाबी. त्यावर मास्तरांनी जी युक्ती काढली तिच्यात माझाही वाटा आहे, आणि मला त्याचा अजून अभिमान आहे. माझी जुनी पगडी त्यांनी मागून घेतली. ती उलगडली तर आतल्या घड्यांतला कुसुंब्याचा रंग अजून ताजा होता. त्याच्या अकरा पट्ट्या कापल्या. एक तशीच ठेवली. दुसरीला एक दिवस ऊन दाखवलं, तिसरीला दोन दिवस, असं करत शेवटच्या पट्टीला दहा दिवस. लालभडक रंगापासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत उतरत जाणारी ती ओळ त्यांनी पत्र्याच्या डबीत बंद करून ठेवली. डबी उन्हात कधी उघडायची नाही, हा कडक नियम. संध्याकाळी दुर्बिणीतून बघायचं, मग छोट्या दिव्यापाशी पट्ट्यांवर नजर टाकायची आणि लिहायचं, आज डाग तीन दिवसांचा. म्हणजे तीन दिवस ऊन लागलेल्या पगडीसारखा. गुरू दहा तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे डाग रोज समोर येत नाही. कोणत्या संध्याकाळी येणार ते मास्तर आधी गणितानं काढायचे.

मी कोपरीला गेलो की रोजाबाय माझ्यासाठी शहाळं फोडायची. ख्रिस्त्याच्या घरचं पाणी मी पिणार नाही हे ती न विचारता जाणून होती, आणि शहाळ्यातल्या पाण्याला कोणाचा हात लागत नाही. मला ते फार सोयीचं वाटायचं. त्यात तिला काय वाटत असेल याचा विचार मी केला नाही, हे आज लिहिताना शरम वाटते.

दोन वर्षं डाग तीनवरच होता. मग चार झाला. मग सहा. मास्तरांचं बोलणं कमी झालं. ते डोळे चोळू लागले. त्यांची आई पन्नाशीच्या आत आंधळी झाली होती. जन्मभर मिठागरावरच्या पांढऱ्या लखलखाटात राबली, आणि जायला लागली तेव्हा तिचा लाल रंग आधी गेला. तिला लाल मिरची हिरवीतून निवडता येईना. हे मास्तरांनी मला एकदा सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरलो.

माघातल्या एका संध्याकाळी मी कोपरीला पोचलो तर रोजाबाय वाटेतच उभी होती.

"पंत, भाव धड जेवत नाय. त्यो तांबडा डाग जातो म्हनतो. त्यो डाग गेला त माजा भाव जगाचा नाय. तुमी सांगा त्याला, डाग हाय म्हनून. तुमचा आयकंल त्यो."

बांधावर मास्तर दुर्बीण लावून बसले होते. चेहरा ओढलेला. मला बघून म्हणाले, "पंत, बरं झालं आलात. मी माझा आकडा लिहिलाय, पण सांगणार नाही. तुम्ही बघा आणि तुमचा आकडा सांगा. दिसेल तोच."

मी डोळा लावला. गुरू होता, पट्टे होते. डागाच्या जागी एक फिकट, मळकट छाया होती, तीसुद्धा शोधून सापडली. नऊ. कदाचित दहाच.

माझ्या मागे ते वही उघडून बसले होते. मला वाटलं, या माणसाचा सगळा जन्म त्या ठिपक्यात आहे आणि ठिपका विरतोय. मी पट्ट्यांकडे पाहिल्यासारखं केलं आणि म्हणालो, "तीन. अहो, होता तसाच लाल आहे की!"

ते नुसतं "बरं" म्हणाले. दुर्बिणीचं झाकण लावलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, जीव भांड्यात पडला असेल. रोजाबायनं दिलेलं शहाळं पिऊन, पुण्य केल्याच्या खुशीत मी घरी आलो.

आठवड्याभरात मास्तरांनी नोकरी सोडली. अर्जात लिहिलं होतं, दृष्टी क्षीण झाल्यामुळे. दुर्बीण, डबी आणि वही त्यांनी माझ्याकडे पाठवून दिली. तुमचे डोळे चांगले आहेत, उपयोग करा, असा निरोप होता. मला वाईट वाटलं. तरी मनात म्हणालो, डोळे जाणारच होते, निदान डाग शाबूत असल्याचं समाधान तरी मी त्यांना दिलं. शहाणपणाच्या बाबतीत मी तेव्हाही असा पगडीच्या उजव्या बाजूसारखा कोरा होतो. त्यांना भेटायला मी एकदोनदाच गेलो. ते ग्रहाचं नाव काढत नसत आणि मला दुसरं काय बोलावं ते सुचत नसे. दुर्बीण मी फडताळात ठेवून दिली.

त्यांचं मासिक मात्र शाळेत येतच राहिलं. सांगून पाठवलं तर उत्तर आलं, ठेवून द्या, मला आता काय करायचंय. मी घरी कपाटात गठ्ठा करून ठेवला. जवळजवळ वर्ष गेलं. एका सुट्टीच्या दुपारी सहज एक अंक फोडला, तर गुरूवर मजकूर. युरोपात सगळीकडच्या बघणाऱ्यांना तांबडा डाग फिका होत, जवळजवळ नाहीसा झालेला दिसला होता.

मला बरंच वाटलं, खोटं का सांगू! चला, आता हे मास्तरांना सांगावं, की डाग जगभर सगळ्यांचाच गेलाय, तुमच्या एकट्याचा नाही. कोणत्या महिन्यात कितीवर होता ते ताडून बघायला वही काढली आणि लिहिलेलं शेवटचं पान उघडलं. माघातली ती संध्याकाळ होती. मास्तरांच्या बारीक, सरळ अक्षरात तीन ओळी होत्या.

माझा आकडा नऊ.
पंतांचा आकडा तीन.
डोळे गेले.

त्यांना भीती डागाची नव्हतीच. डाग गेला असता तर ते हसत हसत लिहिते झाले असते, चढलेला रंग उडतो कसा ते. त्यांना भीती डोळ्यांची होती. एवढंच विचारत होते ते मला, की गुरू फिका झाला की मी? आणि ज्या माणसाचे डोळे खरं बघत होते त्याला मी, त्याचा मित्र, आंधळा ठरवून आलो होतो. तेही शहाळं पिऊन.

दुर्बीण खांद्यावर टाकून, डबी आणि वही घेऊन मी तसाच कोपरीला निघालो. दिवस पुन्हा माघाचेच होते. मिठाचे ढीग उभे राहिले होते आणि मास्तर ओट्यावर बसून चाचपत मिरच्या निवडत होते. एक एक मिरची उचलून आतल्या रोजाबायला विचारत होते, "ही गो?" आणि ती आतूनच न बघता "लाल" म्हणत होती.

मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "मास्तर, मी खोटं बोललो. त्या दिवशी मला तीन दिसला नव्हता. नऊ दिसला होता. दहाच म्हणा. तुमचे डोळे बरोबर होते."

त्यांच्या हातात मिरची होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, उन्हाकडे धरली.

"म्हणजे ही मला लाल दिसतेय ती लालच आहे?"

"हो."

"वर्षभर मला दिसत होतं पंत! आणि मी रोजाला विचारत होतो!" ते हसायला लागले आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मग एकदम थांबले. मी त्यांना संतापलेलं कधी पाहिलं नव्हतं, ते तेव्हा पाहिलं. आवाज चढला नाही, पण कोपरीची बोली बाहेर आली. "किती वेला सांगला तुमाना? दिसला ता सांगाचा. वाटला ता नाय."

मी मान खाली घातली. रोजाबाय दारात आली होती. "चूक माजी हाय रं बस्त्याव," ती म्हणाली, "मीच सांगलेला त्यांना." तिचाही चेहरा उतरला होता. मला काय करावं कळेना. मी म्हणालो, "रोजाबाय, जरा पाणी द्या."

"शहाला आनते."

"शहाळं नको. पाणी द्या. तुमच्या मडक्यातलं."

ती घटकाभर बघत राहिली. मग तांब्या भरून आणला आणि मी प्यालो. घरी हे कळलं तेव्हा आठ दिवस रामायण झालं, पण ती कथा वेगळी.

मास्तरांनी दुर्बीण बांधावर लावली. पारसिकच्या डोंगरावर गुरू वर आला होता. आधी त्यांनी पाहिलं, मग मला बसवलं. दोघांचा आकडा दहा आला. वहीत त्यांनी कोरी पानं मोजली, वर्षभराची. त्या वर्षात रंग कसा कसा उतरला ते पाहणारी कोपरीतली एकमेव नजर घरात बसून मिरच्या चाचपत होती. मी म्हणालो, मासिकातून बघून भरून काढू. ते म्हणाले, "नको. कोरीच राहू द्या. आपण बघत नव्हतो, हेही दिसलं पाहिजे."

शाळेत त्यांच्या जागी दुसरे मास्तर आले होते. ती जागा त्यांना परत मिळाली नाही. त्याबद्दल ते मला एका अक्षरानं बोलले नाहीत, म्हणूनच ते मला अजून बोचतं.

पुढे चारपाच वर्षांनी त्यांचे डोळे खरोखरच गेले, आईसारखेच. आधी लाल गेला. या वेळी त्यांनी मला विचारलं आणि मी खरं सांगितलं. नंतर बघायचं मी आणि लिहायचंही मी. शाळा सुटली की घरी न जाता मी सरळ कोपरीची वाट धरायचो. गुरू दिसायचे दिवस असोत की नसोत, मासिक वाचून दाखवायला तरी जायचोच. डाग परत आला नाही. दहाच्या पुढे पट्टी नव्हती, म्हणून मी नुसतं "दहा" सांगायचो. एकदा मला दिसलं की डाग नसला तरी त्याच्या जागी पट्ट्याला एक खळगा पडलेला आहे, कोणी उठून गेल्यावर गादीवर राहतो तसा. ते सांगितल्यावर मास्तर उठून बसले. "जागा आहे ना अजून? मग ऊन काम करतंय. वेळ लागेल. लिहून ठेवा."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते ओट्यावर, तापातून नुकतेच उठलेले असताना. ऊन कलतं होतं. मी जाऊन शेजारी बसलो. त्यांनी हात पुढे करून माझी पगडी चाचपली, पण बोटांना रंग कळत नाही.

"पंत, पगडी आता कशी आहे? दिसेल तेच सांगा."

मी पगडी काढून हातात घेतली आणि नीट पाहिली. इतक्या वर्षांत मी ती अशी कधी पाहिलीच नव्हती.

"डावी बाजू उडालीय," मी म्हणालो, "आणि उजवीही उडालीय. डावीइतकीच."

त्यांनी न पाहणारे डोळे मिटले आणि जरा वेळ हिशोब केला. संध्याकाळी शाळेतून उत्तरेला घरी जावं तर ऊन डाव्या अंगाला. उजव्या अंगाला यायचं तर दक्षिणेला, कोपरीकडेच चालायला हवं. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. कलत्या उन्हात तेवढा रंग उडायला वर्षं लागतात.

"रोज येत होता की हो," ते म्हणाले. मग माझा हात धरून हळूच म्हणाले, "लिहून ठेवा."

वही तेव्हा घरात होती आणि मला तिथून उठवेना. तेवढं लिहायचं राहून गेलं होतं, ते आज लिहिलं.